एसी लावला की गाडी कमी तापते, असं कसं?

पत्राचा गोषवारा: वाईत राहणाऱ्या, नोकरीसाठी रोज पाचगणीला जाणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. सासऱ्यांनी 2008 साली घेतलेली छोटी पेट्रोल गाडी आता त्या चालवतात. एक लाख तीस हजार किलोमीटर झालेत. गेलं दीड वर्ष पसरणी घाटात अर्ध्या चढाला तापमानाचा काटा पाऊणाच्या वर जातो आणि गाडी बाजूला घ्यावी लागते. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं, ते घरच्या बोअरचं घालतात. नेहमीच्या मिस्त्रींनी गेल्या वर्षी 'वॉल काढून टाकला' (इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची झडप), त्याने महिनाभर बरं वाटलं. आता ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय दाखवून ते म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल, तीस हजार धरून चाला. दीर म्हणतात भंगारात घाला. सासरे म्हणतात, आमच्या वेळी गाड्या अशाच तापायच्या, पाणी घालायचं आणि निघायचं. ताईंचा प्रश्न: तीस हजार घालू की गाडी काढून टाकू? शेवटी त्यांनी सहज म्हणून दोन गोष्टी लिहिल्यात. घाट उतरताना काटा पार तळाला जातो. आणि मे महिन्यात पाहुणे होते म्हणून एसी लावून चढल्या, तर त्या दिवशी थांबावंच लागलं नाही. हे मिस्त्रींना सांगितलं, तर ते हसले.

ताई,

मिस्त्री हसले, पण तुमचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. सगळ्या पत्रात मला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडलं नाही.

तीस हजार की भंगार, असा तुमचा प्रश्न आहे. म्हणजे हेड गॅस्केट गेलंय हे तुम्ही धरूनच चालला आहात. ते गेलेलं असेलही. पण अजून ते कुणी तपासलेलं नाही. झाकणाखालची साय बघून हेड उतरवणं म्हणजे ताप आला म्हणून थेट पोट फाडण्यासारखं झालं. आधी थर्मामीटर लावू, मग पुढचं बघू.

एसीपासून सुरुवात करतो. एसी लावला की इंजिनावर ओझं वाढतं, तेव्हा चढाला गाडी जास्त तापायला हवी. तुमची कमी तापली. का? तुमच्या गाडीच्या वयाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि त्याला चालू करणारे दोघे असतात. एक तापमानाचा स्विच. पाणी साधारण 95 अंशांच्या आसपास गेलं की तो पंखा फिरवतो. दुसरा एसी. एसीचं बटण दाबलं की पाणी गार आहे की गरम हे न बघता पंखा सुरू होतो, किंवा शेजारी एसीचा स्वतःचा पंखा असेल तर तो फिरून रेडिएटरलाही वारा देतो. मेमध्ये तुमच्या रेडिएटरला पूर्ण चढावर वारा मिळाला. एरवी बहुधा मिळत नाही. म्हणजे तापमानाचा स्विच किंवा त्याची वायर मेली असण्याची शक्यता बरीच आहे.

सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही, कारण साठच्या वेगात समोरून वारा फुकट मिळतो. पसरणी घाटात तसं नसतं. वाई सुमारे 700 मीटरवर, पाचगणी 1290च्या आसपास. बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास सहाशे मीटर चढायचं, तेही दुसऱ्या गिअरात, पुढे एसटी आणि मागे पर्यटकांचा हॉर्न. इंजिन सगळ्यात जास्त राबतं तेव्हाच समोरचा वारा सगळ्यात कमी. पंखा नसेल तर चार वळणांत काटा चढणार.

हे घरच्या घरी बघता येतं. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा, एसी बंद ठेवून इंजिन चालू करा आणि काट्याकडे बघत बसा. तुमच्या गाडीत वॉल नाही, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटंही लागतील, चहा घेऊन बसा. काटा मध्याच्या थोडा वर गेल्यावर पंख्याचा घों आवाज यायला हवा. आला नाही आणि काटा चढतच राहिला, तर लगेच एसी लावा. आता रेडिएटरचाच पंखा फिरला, तर मोटर आणि तिचा फ्यूज ठीक आहे, बिघाड तापमानाच्या स्विचकडे आहे. एसीनेही फिरला नाही, तर फ्यूज, रिले, मोटर अशा क्रमाने बघायचं. बोनेट उघडून वाकताना ओढणी किंवा पदर खोचून घ्या. काही गाड्यांत चावी काढली तरी हा पंखा अचानक फिरतो.

आता दुसरं वाक्य, उतरताना काटा तळाला जाण्याचं. हा त्या काढून टाकलेल्या वॉलचा परिणाम. गॅरेजात ज्याला वॉल म्हणतात तो थर्मोस्टॅट. अंगठ्याएवढी झडप असते, पोटात मेण. पाणी बहुधा 82 ते 88 अंशांना पोहोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. त्याआधी ते इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाला लागतं. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, काढून टाका' हा सल्ला महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत मिळतो. मिस्त्री वाईट हेतूने देत नाहीत. त्यांच्या उस्तादाने त्यांना तेच शिकवलेलं असतं. पण वॉल थंड देशासाठी नसतो, इंजिनाला एका ठरलेल्या तापमानावर धरून ठेवण्यासाठी असतो. तो नसला की सकाळी आणि उतारावर इंजिन गारठलेलं राहतं. मग गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल सढळ हाताने सोडतो. तुमचं ॲव्हरेज वर्षभरात पडलंय का, ते बघा. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर टाळून आडवाटेनेच परत फिरतो. म्हणजे जो तापू नये म्हणून काढला, त्याच्यामुळेच चढाला जास्त तापतं.

साय इथेच येते. गार इंजिनात हवेतली वाफ ऑइलच्या झाकणाखाली थिजते आणि ऑइलमध्ये घुसळून पांढरट लोण्यासारखी दिसते. पावसाळ्यात, छोट्या फेऱ्यांत आणि वॉल काढलेल्या गाडीत हे हमखास होतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत. म्हणून झाकण सोडा, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढून बघा. तिच्यावरचं ऑइल काळं-तपकिरी आणि स्वच्छ पातळ असेल, तर साय बहुधा वाफेची. डिपस्टिकवरही कॉफीत दूध घातल्यासारखा रंग असेल, किंवा काही न घालता ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर मिस्त्रींचं खरं. मग गाडी चालू करू नका. ऑइलमध्ये पाणी असताना चालवलं तर बेअरिंगं जातात, आणि तीस हजारांचे साठ होतात.

आता पाणी कुठे जातं? आठवड्याला अर्धा लिटर म्हणजे थोडं नाही. बंद प्रणालीत पाणी संपायचं कारणच नाही. 'पाणी घालायचं आणि निघायचं' हे सासऱ्यांच्या तरुणपणी चालून गेलं. ओतीव लोखंडाची ती इंजिनं तापली तरी पुष्कळ सोसायची. आताच्या ॲल्युमिनियमच्या हेडला तेवढी सोशिकता नाही, दोनदा नीट तापलं की ते वाकतं. सासऱ्यांना हे असं थेट सांगू नका, मीच सांगितलं म्हणा.

सगळ्यात स्वस्त संशयितापासून सुरुवात करू, रेडिएटरच्या झाकणापासून. कुकरची शिट्टी आणि कुकरचं गॅस्केट एकाच तुकड्यात असावं तसं ते असतं. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला दिसेल. तेवढा दाब ते आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली पाणी शंभरलाही उकळत नाही. झाकण शाबूत असेल तर पाचगणीच्या उंचीवरही उकळायला 115 अंशांच्या आसपास जावं लागतं. पण झाकणाचं रबर कडक होऊन दाब गळायला लागला, की तिथलं पाणी 96 अंशांनाच उकळतं, कारण एवढ्या उंचीवर हवेचा दाबच कमी. म्हणजे पंखा सुरू व्हायचा आणि पाणी उकळायचं तापमान जवळजवळ एकच. घाटमाथ्यावर गाडी 'उकळते' आणि वाईत तीच गाडी शहाण्यासारखी वागते, याचं हे एक कारण असू शकतं. नवं झाकण काही शे रुपयांत मिळतं. आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं घातलं तर जुने पाइप फुटतील.

झाकण उघडायचं ते सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचं. गरम असताना कधीही नाही. कुंभार्ली घाटात तरुणपणी मी ओल्या फडक्याने झाकण फिरवलं होतं, त्याचा डाग अजून डाव्या मनगटावर आहे. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. फडकं त्याला काही करू शकत नाही.

उघडल्यावर पाणी अगदी गळ्यापर्यंत दिसायला हवं. बाजूची प्लास्टिकची बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं दिसलं तर झाकणाची आतली छोटी झडप किंवा बाटलीकडे जाणारी नळी दोषी. इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जायला हवं, ते जात नाहीये. पुष्कळ लोक बाटली बघून 'पाणी आहे की' म्हणतात आणि तसेच निघतात.

रात्री गाडीखाली पुठ्ठा घाला. एसी वापरल्यावर डाव्या बाजूला साधं स्वच्छ पाणी ठिबकतं, ते सोडून द्या. रंगीत, बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी कूलंटचं. तुम्ही बोअरचंच घालताय, त्यामुळे रंग नसेल, पण क्षारांचे पांढरे डाग नक्की असतील. टॉर्च घेऊन पाइपांच्या क्लॅम्पजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक-ॲल्युमिनियमच्या सांध्यावर आणि वॉटर पंपाखाली बघा. गॅरेजात त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. त्याच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं आणि खाली ओघळाची रेघ उमटते. गाडीच्या आत शेजारच्या सीटपाशी गालिचा ओला असेल, काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर गळती हीटरच्या छोट्या रेडिएटरची.

बोअरचं पाणी आजपासून बंद करा. ज्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तेच पाणी दीड वर्ष रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांतून फिरतंय. तसाच थर तिथेही बसला असणार, आणि थर म्हणजे उष्णतेला रजई. इंजिनाचं तापमान मापणारी स्वस्त इन्फ्रारेड बंदूक मिस्त्रींकडे असेल तर गरम रेडिएटरवर फिरवायला सांगा. मध्ये गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बुजल्या. मग फ्लशिंग, नाहीतर नवा रेडिएटर. दोन्ही हेड उतरवण्यापेक्षा स्वस्तच.

नंतर भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळालं तर तेच घ्या, त्यात अजून पाणी घालू नका. 'आपल्याकडे गोठत नाही, मग कूलंट कशाला' हा वॉलचाच भाऊ असलेला समज आहे. कूलंट गंज थांबवतं, पंपाचं सील टिकवतं आणि उकळबिंदूही थोडा वर नेतं. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपन्यांचा कारभार आहे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा. एक मात्र सांभाळा: कूलंट गोडसर असतं आणि विषारी. अंगणात ओघळ राहिला तर कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. जुनं काढताना बादलीत घ्या.

एवढं सगळं झाल्यावर हेड गॅस्केटची पाळी. त्यासाठीही हेड उतरवायची गरज नाही. गार गाडी चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा जाड पाइप दगडासारखा ताठ होतो का ते बघायचं. पाणी तापायच्या आधीच दाब आला, तर तो सिलिंडरातला वायू. झाकण उघडं ठेवून, गार असतानाच चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नाहीत, हेही तेच सांगतं. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला तर संशय वाढतो. सकाळचा पहिला धूर सोडून द्या, तो पहाटेच्या गारठ्याचा. पक्की खात्री रसायनाने होते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, आतून जळका वायू आला तर द्रव पिवळा पडतो. सोबत हाताच्या पंपाने प्रणालीत झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरून पंधरा मिनिटं ठेवायचा. दाब पडला आणि बाहेर कुठे थेंब दिसला नाही, तर पाणी आत सिलिंडरात जातंय. ही साधनं वाईत नसतील तर साताऱ्यात शोधा. एका दिवसाची रजा आणि थोडे पैसे, एवढंच जाईल.

मिस्त्रींना हे कसं सांगायचं, हा खरा नाजूक भाग. इतक्या वर्षांचा माणूस आहे, रात्री फोन केला तर येतो. 'तुमचं चुकलं' म्हणून जाऊ नका. 'मामा, हेड उतरवायचं तर उतरवू, पण आधी झाकण, पंख्याचा स्विच आणि वॉल एवढं नवं टाकू. रेडिएटर साफ करून कूलंट भरू, आणि महिनाभर बघू' असं म्हणा. नवा वॉल बसवायच्या आधी गॅसवर पाण्याच्या पातेल्यात सोडून त्यांच्यासमोरच उघडतो का ते बघा. बाजारातले डुप्लिकेट वॉल तिथेच पकडले जातात. आणि भरताना हवा काढायला सांगा. आत हवेचा गोळा अडकला तर सगळं नवं टाकूनही गाडी तापेल आणि मामा म्हणतील, बघा, मी म्हणत होतो.

तोवर घाट चढायचाच असेल तर? तुमच्या गाडीत सध्या एसी लावून चढणं बरं. इतर वाचकांनी हे उचलू नये, पंखा ठीक असलेल्या गाडीत चढाला एसी बंद करणंच योग्य. एसी लावूनही काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर जोरात, काचा खाली. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तेवढ्यानेही उतरला नाही तर रुंद जागा बघून थांबा. काटा लाल पट्टीत असेल तर इंजिन बंद. बोनेट उघडा, झाकणाला पाऊण तास हात लावू नका, आणि इंजिनावर गार पाणी ओतू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि एक अगदी उलटं वाटेल असं सांगतो: चढत असताना वर गेलेला काटा अचानक खाली पडला तर हुश्श करू नका. पाणी इतकं कमी झालं असेल की सेन्सर कोरडा पडलाय आणि तो आता हवा मोजतोय. तिथेच थांबा.

राहिले दीर. स्वस्तातली कामं करूनही रसायन पिवळं पडलं, आणि हेड काढल्यावर ते वाकलेलं निघालं, तर त्यांच्या म्हणण्याचा विचार करू. तेव्हाही तीस हजारांची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करू नका. तेवढ्या पैशांत तुम्हाला रोज पाचगणीला नेणारं दुसरं काय मिळतं, त्याच्याशी करा. खालचा पत्रा गंजलेला असेल, टायर संपले असतील, तर काढून टाका. 2023 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं असेल, तर आरसी 2028 पर्यंत चालेल, म्हणजे कागदाची घाई नाही.

शनिवारी सकाळी गाडी गार असताना झाकण आणि डिपस्टिक बघा, मग पंख्याची परीक्षा घ्या. वॉल बसल्यावर पहिल्या उताराला काटा कुठे थांबतो तेही मला कळवा. डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर ठेवा, आणि बाटलीवर मार्करने 'पिण्याचे नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा. पाहुणे तुमच्याकडे येतातच.